घर गरम ठेवायला लाकडाचा स्टोव्ह: ५ किलोवॅटचा घेऊ की १२ चा?

गारठलेला

मंडळी, जरा मदत हवीये. थंडी सुरू व्हायच्या आत घरात लाकडाचा स्टोव्ह बसवायचाय, बंद दाराचा, पुढे काच असलेला. इतकं वाचलंय की डोक्याचा पार भुगा झालाय. मुख्य खोली ६ बाय ५ मीटर, छत २.७ मीटरवर, भिंती ठीकठाक पण खिडक्या जुन्या. पसंतीला दोन उतरलेत. एक स्टीलचा, ५ किलोवॅटचा, खरं सांगायचं तर दिसायला अगदीच किरकोळ. दुसरा १२ किलोवॅटचा, बिडाचा, उचलायला चार माणसं लागतील असा, नुसतं बघूनच बरं वाटतं. विकणारा म्हणतो मोठाच घ्या, खोली तापली की हवेची खिट्टी बंद करायची मग रात्रभर आपला धुमसत राहतो, सकाळी दोन काटक्या टाकल्या की पेटला. घरातल्यांचंही तेच, एकदाच घ्यायचंय तर मोठं घ्या.

खोलीत जुनी उघडी फायरप्लेस आहे, वर विटांची चिमणी, आतून ३० बाय ३० सेंटीमीटर. स्टोव्हचा पाईप तिच्यात थोडा वर सोडून दिला तर चालतं ना? का सरळ भिंतीला भोक पाडून बाहेर काढू? बसवणारा भिंतीचं म्हणतोय कारण त्याला ते सोपं पडतं. लाकडाचं टेन्शन नाही, मागचं मोठं झाड गेल्या महिन्यात पाडलं, ओंडके तसेच पडलेत.

निखारा

१२ चा नको. ५ चा घ्या, तसलाच ६-७ चा मिळाला तर आणखी बरं. हे आधी सांगून टाकतो कारण पुढे जरा लांबण लागणार आहे.

तुमच्या खोलीचं घनफळ झालं ८१ घनमीटर. ढोबळ हिशोब असा की बऱ्यापैकी घर असेल तर घनमीटरला १४ ने भागायचं, आलेला आकडा किलोवॅट. म्हणजे पावणेसहा. फटींतून वारं येतंय, भिंती गारठतायत असं घर असेल तर १० ने भागा, ८ येतील. नवीन, नीट इन्सुलेशन केलेलं असेल तर २५ ने, जेमतेम ३. तुम्ही १४ आणि १० च्या मध्ये कुठेतरी आहात आणि खिडक्यांच्या फटी बुजवल्यात की १४ कडे सरकाल, तो खर्च स्टोव्हच्या आधी करा. बारा कुठल्याच हिशोबात बसत नाही.

आता मोठा घेतला तर बिघडलं कुठे? लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी उडून जातं, मग त्यातून वायू सुटतात आणि लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता या वायूंमध्ये असते. पिवळ्या ज्वाळा दिसतात त्या याच वायूंच्या. ते धड जळायचे तर स्टोव्हच्या पेटीत, म्हणजे लाकूड जळतं त्या भागात, ६०० अंशांच्या आसपास तापमान हवं आणि वरून गरम हवा मिळायला हवी. १२ चा स्टोव्ह ५ वर चालवायचा म्हणून तुम्ही हवा कोंडलीत की ज्वाळा बसतात, लाकूड नुसतं धुमसतं, आणि न जळलेले वायू म्हणजे तुमची विकतची उष्णता धूर होऊन वर जाते. वर चिमणीच्या गार अंगाला लागून त्याचं डांबर होतं, क्रिओसोट म्हणतात ते. आधी चिकट असतं, मग कडक चकाकणारा थर होतो, ब्रशने निघता निघत नाही. मग एखाद्या कडाक्याच्या रात्री मोठा जाळ केला की तो थरच पेट घेतो, चिमणीत तापमान १००० अंशांच्या वर जातं, विटा तडकतात, आणि आजूबाजूला लाकडी वासे असतील तर पुढचं सांगायला नको. काचही काळीठिक्कर पडते ती वेगळीच. विकणारा "रात्रभर धुमसतो" हे कौतुकाने सांगतोय, त्याला विचारा त्याच्या स्वतःच्या घरची चिमणी कधी झाडली होती.

आता चिमणी. हिच्याबद्दल बहुतेक जण विचारतच नाहीत, तुम्ही विचारलंत ते बरं केलं, कारण स्टोव्हला ना इंजिन ना पंखा, धूर वर ओढायचं सगळं काम चिमणीतली गरम हवा करते. ५-६ किलोवॅटच्या स्टोव्हचं धूर बाहेर जायचं तोंड साधारण १५० मिलिमीटर व्यासाचं असतं, कधी १२५. १५० धरलं तर क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटीमीटर. तुमची चिमणी ९०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे पाचपट, बापाचा कोट पोराच्या अंगात. धूर त्या पोकळीत शिरला की रेंगाळतो, गार होतो, ओढ कमी पडते, डांबर धरतं, आणि काही काळाने वरच्या मजल्याच्या भिंतीवर पिवळे तपकिरी ओघळ दिसायला लागतात. त्यामुळे पाईप थोडा वर सोडून देणं वगैरे विसरा. स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे चिमणीच्या आत बसणारा पाईप, टाका, स्टोव्हच्या तोंडाइतक्याच व्यासाचा, खालपासून पार टोकापर्यंत सलग, आणि त्याच्याभोवती इन्सुलेशन. त्याआधी चिमणी झाडून घ्या आणि आत कुठे पक्ष्याचं घरटं, पडलेली वीट आहे का ते बघून घ्या.

भिंतीतून काढायचं तर धुराला आडवं जावं लागतं, दोन काटकोनी वळणं येतात, आणि बाहेर एकेरी पत्र्याचा पाईप असेल तर तो थंड हवेत उभा. घरात आयती सरळ चिमणी असताना हे का करायचं? ज्यांना करावंच लागतं त्यांनी दुहेरी भिंतीचा इन्सुलेटेड पाईप घ्यावा, वळण ४५ अंशांचं ठेवावं, आणि एकूण उंची साडेचार मीटर तरी मिळते का बघावं.

जाडपत्रा

निखारा यांचं कागदावर बरोबर आहे पण थंडीची लाट आली आणि खिडक्या जुन्या असल्या की ५ चा कमी पडतो हो, मग लोक त्यात लाकूड कोंबतात, हवा पूर्ण उघडी सोडतात, आतली वरची प्लेट वाकते, कधी कधी स्टोव्हचं अंग लाल दिसायला लागतं. छोटा स्टोव्ह असा पिळून मरतो. मोठ्यात छोटी आग करता येते, छोट्यात मोठी आग करता येत नाही, साधं गणित. आणि ओंडक्याची लांबी कोणी बोलतच नाही. छोट्या पेटीत २५ सेंटीमीटरचे तुकडे जातात, मोठ्यात ५० चे. झाड पाडलंय म्हणतायत ना, मग करवत घेऊन बसा आणि प्रत्येक फांदीला दुप्पट काप मारा. माझं मत बीड आणि ८ च्या वर.

निखारा

लांबीचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. गारठलेला, किलोवॅट बघता तसं पेटीची रुंदीही मोजा, ५ किलोवॅटमध्येही आडव्या पेटीचे मिळतात ज्यात ४० चा ओंडका सहज बसतो.

मोठ्यात छोटी आग मात्र पटत नाही. दोन ढलप्या मोठ्या पेटीत टाकल्या तर त्या पेटवण्यापुरत्या जळतात पण पेटीच्या विटा तापत नाहीत, आणि विटा तापल्याशिवाय वायू जळत नाहीत. गाडी परत धुरावरच येते. १२ चा थोडा वेळ जोरात चालवून विझू दिला तर आग स्वच्छ जळेल हे खरं, पण ८१ घनमीटरमध्ये १२ किलोवॅट म्हणजे तासाभरात सगळे जण खिडक्या उघडून बसणार.

बीड की स्टील यावर माझं मत असं की आवडेल ते घ्या. स्टील लवकर तापतं, जोड वेल्डिंगचे असतात त्यामुळे हवा चोरत नाही, पण पातळ पत्र्याचं घेऊ नका, ५-६ मिलिमीटरचं बघा. बीड उशिरा तापतं, उशिरा निवतं, पण ठिसूळ असतं, तापलेल्यावर गार पाणी सांडलं तर तडकतं, आणि त्याचे भाग आगीच्या सिमेंटने जोडलेले असतात ते काही वर्षांनी परत भरावे लागतात. "बीड ऊब धरून ठेवतं" याचा हिशोब करून बघा. ५० किलो जास्त लोखंड, विझल्यावर दीडशे अंश गार झालं, तर त्यातून मिळते जेमतेम विजेच्या एका युनिटाइतकी उष्णता. तेवढ्यासाठी चार माणसं बोलवायची का ते तुम्ही ठरवा.

भट्टीवाला

रात्रभराचं कोणी सोडवलं नाही म्हणून लिहितोय.

चांगलं वाळलेलं लाकूड किलोला साधारण ४ युनिट उष्णता देतं. स्टोव्हची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर खोलीत ३ युनिट येतात. तुम्हाला ५ किलोवॅट सतत हवे असतील तर तासाला पावणेदोन किलोच्या आसपास लाकूड, आठ तासांना १३ किलो. ५ किलोवॅटच्या पेटीत एका वेळी दीड-दोन किलो घालायचं असतं. म्हणजे रात्रीतून सहासात वेळा उठा, नाहीतर कमी उष्णतेवर भागवा. दीड किलोवॅटवर भागत असेल तर आठ तासांना ४ किलो पुरतं, पण ते ४ किलो आठ तास पुरवायचे म्हणजे पुन्हा कोंडून जाळणं आलं.

कोंडूनही स्वच्छ जाळणारा एक प्रकार आहे, कॅटॅलिटिक. धुराच्या वाटेत मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं असलेला सिरॅमिकचा ठोकळा असतो, त्यावर पॅलेडियम किंवा प्लॅटिनमचा थर. त्यामुळे जो धूर एरवी ६०० अंशांना जळला असता तो २६० च्या आसपासच जळायला लागतो. रात्रभर टिकणारे खरे स्टोव्ह हेच. पण त्याला शिस्त लागते, आधी बायपास (धूर ठोकळ्याला टाळून सरळ वर जायची वाट) उघडा ठेवून तापवायचा, मग बंद करायचा, रंगवलेलं लाकूड किंवा प्लास्टिक चुकूनही टाकायचं नाही कारण थर खराब होतो, आणि तो ठोकळा काही वर्षांनी बदलावाच लागतो. घरात चार जण चार पद्धतीने आग घालणार असतील तर याच्या नादी लागू नका.

दुसरा मार्ग म्हणजे आग रात्रभर ठेवायचीच नाही, उष्णता ठेवायची. सोपस्टोन नावाचा, उष्णता साठवणारा दगड लावलेले स्टोव्ह लोक यासाठी घेतात, पण तिथेही वजन बघा. २०० किलो दगड ६० अंशांनी निवला तर सव्वातीन युनिट मिळतात. ऊब आहे, छान वाटतं, पहाटे खोली अगदी बर्फ होत नाही, पण रात्र निघेल म्हणाल तर नाही. विटांची भट्टी बांधली, दीड टन वजनाची, आत धुराला वळसे देऊन, तर ६० अंशांना २० युनिटच्या पुढे साठतात. दिवसातून एकदा दोन तास भडकून जाळायची, धूर जवळजवळ नाही, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत ती हळूहळू ऊब सोडत राहते. अंगाला पोळत नाही, पाठ टेकून बसता येतं. मी स्वतः याच मताचा आहे. अडचण एवढीच की खाली वेगळा पाया लागतो, बांधणारा जाणकार लागतो, आणि दोन दिवस घर बंद ठेवून आलात की ती तापायला अर्धा दिवस घेते. गारठलेला यांच्या जुन्या फायरप्लेसच्या जागी पाया असेलच, एकदा कोणाला तरी दाखवा.

खिडकीपाशी

मी वेगळंच बोलणारे, राग मानू नका. तुमच्या घरात दमा असलेलं कोणी आहे का, लहान मूल आहे का, हे आधी सांगा. लाकडाच्या धुरातले २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली, त्यावरून काय ते समजा. स्टोव्ह बंद दाराचा असला तरी दार उघडलं की थोडा धूर खोलीत येतोच, आणि चिमणीतून गेलेला शेजाऱ्यांकडे जातो. मी शेजारी आहे, म्हणून माहीत आहे. आमच्या बाजूला कोणीतरी रात्री हवा कोंडून झोपतं आणि सकाळी आमचे पडदे वास मारतात.

तरी घ्यायचाच असेल तर कमीत कमी धूर करणारा घ्या. युरोपात १ जानेवारी २०२२ पासून इकोडिझाइनचे नियम लागू आहेत, बंद दाराच्या लाकडी स्टोव्हला धुळीचे कण बाहेर पडणाऱ्या धुराच्या घनमीटरला ४० मिलिग्रॅमच्या आत लागतात. अमेरिकेत मे २०२० पासून ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेची कणांची मर्यादा तासाला २ ग्रॅम, खरे ओंडके जाळून चाचणी केली असेल तर अडीच ग्रॅम. तुम्ही कुठेही असा, स्टोव्हच्या कागदांवर यातलं काही आहे का बघा, काहीच नसेल तर का नाही ते विचारा. आणि कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म. याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळत नाही. स्टोव्ह येईल त्याच दिवशी अलार्म लागला पाहिजे, नंतर बघू असं नको.

गारठलेला

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. खिडकीपाशी ताई, राग कसला, आईला थोडा दम्याचा त्रास आहे त्यामुळे बरंच झालं विषय निघाला. १२ चा आता बाद. भट्टीचं मन झालंय पण या वर्षी शक्य नाही, तेव्हा आडव्या पेटीचा ६ चा बघतो आणि लायनर टाकतो. अजून तीन शंका. जमीन लाकडी आहे, फायरप्लेसपुढे फक्त थोडी फरशी आहे. स्वयंपाकघर लागूनच आहे, तिथे मोठा एक्झॉस्ट फॅन आहे. आणि दुकानात स्टोव्ह बघताना नेमकं काय बघायचं, सगळेच चकाचक दिसतात.

जाडपत्रा

१२ गेला, ८ गेला, बरं असो 😄 हे तरी माझं ऐका.

जळणाऱ्या वस्तूंपासून स्टोव्ह किती लांब ठेवायचा ते अंतर स्टोव्हच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच पाळायचं, बसवणाऱ्याच्या अंदाजावर जाऊ नका. पुस्तिकेत काही नसेल तर लाकडी किंवा जळणाऱ्या भिंतीपासून ९० सेंटीमीटर धरून चाला. कमी करायचं असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा, पण तो भिंतीला चिकटवून नाही, मागे अडीच सेंटीमीटर पोकळी आणि खाली-वर उघडी, म्हणजे हवा खेळते. जमिनीवर फरशी दारापुढे अर्धा मीटर तरी पुढे आली पाहिजे, दार उघडलं की निखारा उडतोच. राख काढाल ती झाकणाच्या लोखंडी बादलीत, आणि बादली घराबाहेर दगडावर. वरून थंड दिसणाऱ्या राखेत आत निखारे दोन-तीन दिवस जिवंत असतात.

एक्झॉस्ट फॅन हा खरा चोर. खिडक्यांच्या फटी बुजवल्यात, फॅन लावलात, तर तो हवा कुठून घेणार? चिमणीतून. धूर उलटा खोलीत. स्टोव्ह बाहेरची हवा वेगळ्या नळीने घेणारा मिळतो, तोच घ्या, आणि आग पेटवताना फॅन बंद.

दुकानात काय बघायचं म्हणाल तर दारात कागदाचा कपटा धरा, दार लावा आणि ओढा. सहज निघाला तर दोरीचं सील बसत नाहीये. चारी बाजूंनी करा. मग हाताने आत वर चाचपा, एक प्लेट लागेल, ती हत्याराशिवाय निघते का बघा, कारण चिमणी झाडताना ती दरवेळी काढावी लागते. आतल्या विटा, ती प्लेट, सील आणि काच सुटे मिळतात का ते लिहून घ्या. काच साधी नसते, सिरॅमिकची असते, फुटली तर काचवाल्याकडून बसवून चालत नाही. हवेची खिट्टी सरकवून बघा, गार असताना जड जात असेल तर तापल्यावर हलणारच नाही.

निखारा

एक राहिलं, ते गेल्या महिन्यातलं झाड. ते या थंडीत जाळायचं नाही. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. १० किलो आत टाकलंत तर ५ किलो पाणी आधी उकळून चिमणीबाहेर काढायचं, मग उरलेल्यातून ऊब. असल्या लाकडावर कितीही भारी स्टोव्ह आणलात तरी धूरच करणार आणि आईंना त्रास होणार. ओंडके आत्ताच फोडा, मनगटापेक्षा थोडे जाड, कारण पाणी फोडलेल्या अंगातून जातं, सालीतून फारसं जात नाही. जमिनीपासून उचलून रचा, वरून झाका, बाजू उघड्या ठेवा, वारा लागू द्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं की बुरशी. हलकं लाकूड एका वर्षात तयार होतं, जड असेल तर दोन धरा.

ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर स्वस्तात मिळतं, ते घ्या. ओंडका त्याच वेळी फोडायचा आणि आतल्या ताज्या अंगावर टोचायचं, बाहेरून टोचलं की सगळं लाकूड कोरडंच दाखवतं. आणि एक बारकावा, ही मीटरं पाण्याचं प्रमाण कोरड्या लाकडाच्या तुलनेत दाखवतात, म्हणजे १० किलोत २ किलो पाणी असेल तर ते २० नाही, २५ दाखवेल. स्टोव्हच्या पुस्तिकेत लाकडाचा ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा असं लिहिलेलं असतं, तो आकडा बहुधा एकूण वजनावरचा असतो. मी मीटरवर २० च्या खाली आलं की जाळतो, मग हिशोबच करायला नको.

गारठलेला

मग या थंडीत काय जाळू? पुढच्या वर्षीपर्यंत स्टोव्ह नुसता बघत बसायचं का 😐

निखारा

वाळवलेलं विकत घ्या, घेताना त्यातले दोन-चार ओंडके विकणाऱ्यासमोरच फोडून मीटर लावा. जुनं फर्निचर, पॅलेटवरचं रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड फुकट मिळालं तरी नको, काही जुन्या औषधांत आर्सेनिक असतं. पहिले तीन-चार जाळ अगदी छोटे करा, नव्या स्टोव्हचा रंग पक्का होताना वास येतो, तेव्हा खिडक्या उघड्या आणि आई दुसऱ्या खोलीत. पेटवताना मोठी लाकडं खाली, काटक्या वर, आणि आग वरून लावा, धूर बराच कमी होतो.